इंजिन बदलल्यानंतर वाजणारा धोक्याचा भोंगा : बोटीवरील एका सूचक-मंडलाची तपासणी

प्रश्नाचे स्वरूप

यंत्रचलित बोटीचे जुने इंजिन काढून त्याच्या जागी दुसरे बसविले, किल्ली फिरविली, इंजिन सुरू झाले, आणि सुकाणूजवळच्या पटलावरील धोक्याचा भोंगा मात्र थांबेना, हा प्रसंग बोटींची दुरुस्ती करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि इंजिनाची मोठी कामे त्या अवधीत उरकून घेण्याची सोय असते. हंगामाच्या पहिल्या फेरीलाच भोंगा वाजू लागला तर तांडेलापुढे सामान्यतः दोन मार्ग दिसतात. इंजिन नवे आहे, तेव्हा भोंगाच बिघडला असला पाहिजे, असे समजून त्याची तार काढून टाकणे हा एक. नवे इंजिनच सदोष आहे असे समजून ते पुन्हा खोलणे हा दुसरा. या दोन्ही मार्गांत एकच उणीव आहे. भोंग्याच्या आवाजाचा अर्थ काय, हे न ठरविताच त्याच्या खरेखोटेपणाचा निवाडा केला जातो.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. वंगणतेलाचा दाब नाहीसा झाल्यावर इंजिन चालूच ठेवले तर क्रँकशाफ्टची बेअरिंगे थोड्याच वेळात घासून निकामी होतात. शीतकरण थांबले तर सिलिंडरचे डोके वाकते किंवा त्याखालचे गॅस्केट फुटते. रस्त्यावरील वाहन अशा वेळी कडेला उभे करता येते; खडकाळ किनाऱ्याजवळ, भरतीच्या ओढीत सापडलेल्या बोटीला ती सवलत नसते. म्हणून भोंग्याची उपेक्षा करणे जसे घातक, तसेच त्याच्यावरचा विश्वास विनाकारण गमावून बसणेही घातक होय. एकदा निष्कारण वाजलेल्या भोंग्याची तार कापली गेली की तो खरोखर आवश्यक असेल त्या दिवशी वाजणार नाही.

अशा भोंग्यामागील विद्युत् मंडल कसे असते, इंजिन बदलताना त्यात कोणत्या विसंगती शिरतात, आणि कोणत्या क्रमाने तपास केला असता निश्चित उत्तर मिळते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. मंडल अगदी साधे आहे. तथापि एखादे उपकरण ‘धोका आहे’ किंवा ‘धोका नाही’ असे सांगते तेव्हा त्या विधानाला किती आधार असतो, हा मापनशास्त्रातील मूलभूत प्रश्न त्यात स्पष्टपणे दिसतो.

मंडलाची रचना

बहुसंख्य लहान बोटींवर १२ व्होल्टची बॅटरी असते. तिचे ऋण अग्र जाड तारेने इंजिनाच्या धडाला जोडलेले असते; त्यामुळे इंजिनाचे संपूर्ण धातूचे धड हाच परतीच्या प्रवाहाचा मार्ग बनतो. धन अग्राकडून येणारी तार किल्लीतून पटलावर जाते आणि तेथून भोंग्याच्या एका टोकाला पोहोचते. भोंग्याच्या दुसऱ्या टोकापासून निघालेली तार इंजिनापाशी येऊन दोन शाखांत विभागते. एक शाखा वंगणतेलाच्या दाबाच्या स्विचला व दुसरी शीतकाच्या तापमानाच्या स्विचला मिळते. दोहोंपैकी कोणताही स्विच बंद झाला, म्हणजे त्यातील संपर्क जुळला, की त्या शाखेची तार धडाला जोडली जाऊन मंडल पूर्ण होते व भोंगा वाजतो.

या दोन स्विचांची विश्रांत स्थिती मात्र परस्परविरुद्ध असते, आणि पुढील सर्व तर्क या एका गोष्टीवर अवलंबून आहे. तेलाच्या दाबाचा स्विच दाब नसताना जुळलेला असतो. इंजिन सुरू होऊन दाब साधारणतः ०.३ ते ०.७ बारच्या पलीकडे गेला की त्यातील पडदा उचलला जाऊन संपर्क सुटतो. तापमानाचा स्विच थंड स्थितीत सुटलेला असतो आणि ठरावीक तापमानाला जुळतो. बंदिस्त शीतक असलेल्या इंजिनांत हे तापमान बहुधा ९५ °से.च्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक असते.

यावरून निरोगी मंडलाचे वर्तन सांगता येते. किल्ली फिरविल्याबरोबर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, भोंगा वाजला पाहिजे; कारण त्या वेळी तेलाचा दाब शून्य असतो. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत तो थांबला पाहिजे. ज्या डिझेल इंजिनांत इंधनाचे अंतःक्षेपण यांत्रिक पद्धतीने होते, तेथे थांबविण्याची दोरी ओढून इंजिन बंद केल्यावर किल्ली चालू असेपर्यंत भोंगा पुन्हा वाजतो. तेही बरोबरच आहे. याच इंजिनांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ती एकदा सुरू झाली म्हणजे चालू राहण्यासाठी त्यांना विजेची गरज नसते. त्रासदायक भोंगा बंद करण्यासाठी किल्ली फिरवून ठेवली तर इंजिन चालतच राहते आणि केवळ भोंगा मुका होतो. पटलावरील दर्शकही त्याबरोबर बंद पडतात. भरीला, किल्लीच्या तारेवर ज्यांचे क्षेत्र-उद्दीपन किंवा नियंत्रण अवलंबून आहे अशा जनित्रांचे कार्यही बिघडू शकते.

दोन प्रकारचे दोष

एकतारी मंडलात मुख्यतः दोन प्रकारचे दोष संभवतात. तार तुटणे किंवा जोड गंजून सुटणे हा पहिला प्रकार. तारेवरचे आवरण घासून ती इंजिनाच्या धडाला टेकणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात भोंगा अखंड वाजत राहतो. तो खोटा इशारा असला तरी लपून राहत नाही. पहिल्या प्रकारात भोंगा गप्प बसतो, आणि येथेच दोन शाखांतील फरक प्रकट होतो.

तेलाच्या शाखेतील तार तुटली तर किल्ली फिरविल्यावर वाजावयास हवा तो भोंगा वाजत नाही आणि जागरूक चालकाला दोष तत्काळ कळतो. म्हणजे इंजिन सुरू करण्याच्या प्रत्येक वेळी या शाखेची चाचणी आपोआप होत असते. तापमानाच्या शाखेला अशी चाचणी नाही. तिची तार तुटलेली असली तरी किल्ली फिरविल्यावर तेलाच्या शाखेमुळे भोंगा वाजतो, इंजिन सुरू झाल्यावर थांबतो, आणि सर्व काही यथास्थित असल्याचा भास होतो. इंजिन प्रत्यक्ष तापेल तेव्हाच, कोणताही आवाज न होता, हा दोष आपले काम करून जातो.

रेल्वेच्या संकेतव्यवस्थेत ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली होती. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ साली ज्या मंडलाचे एकस्व घेतले, त्यात रुळांतून प्रवाह सतत वाहत असतो. गाडी आल्याने, रूळ तुटल्याने किंवा बॅटरी संपल्याने तो खंडित झाला तरी संकेत ‘थांबा’ असाच मिळतो. दोष उद्भवला असता यंत्रणा सुरक्षित बाजूला झुकावी, हे त्यामागील तत्त्व होय. बोटीवरील तापमान-शाखा या तत्त्वाच्या नेमकी उलट बांधलेली आहे. ती स्वस्त व साधी आहे म्हणून रूढ झाली. तिच्यातील ही उणीव वापरणाऱ्याने स्वतः चाचणी घेऊन भरून काढावी लागते.

पहिली पायरी : इशारा खरा मानून तपास

भोंगा थांबत नसेल तर प्रथम इंजिन बंद करावे आणि इशारा खरा आहे असे गृहीत धरून तपासास प्रारंभ करावा. या गृहीतकाचे कारण उघड आहे. इशारा खोटा असूनही खरा मानला तर थोडा वेळ व्यर्थ जातो. खरा असूनही खोटा मानला तर इंजिन जाते. दोन चुकांची किंमत इतकी विषम असताना तपासाचा क्रम संभाव्यतेवरून न ठरविता परिणामांवरून ठरविणे युक्त होय.

तेलाच्या बाबतीत प्रथम पातळी पाहतात. परंतु नव्याने बसविलेल्या इंजिनात ही साधी पाहणीही फसवी ठरू शकते. बोटीतील इंजिन पंख्याच्या दांड्याच्या रेषेत, म्हणजे बहुधा मागे उतरते, बसविलेले असते. तेलकुंडातील तेलाचा पृष्ठभाग क्षितिजसमांतर राहतो, पण तेल मोजण्याची दांडी इंजिनाबरोबर कलते. दांडी तेलकुंडाच्या मध्यापासून २० सेंटिमीटर अंतरावर असून इंजिनाचा कल ८ अंश असेल, तर त्या ठिकाणी पातळीत सुमारे २.८ सेंटिमीटरांचा फरक पडतो. दांडीवरील दोन खुणांमधील अंतर पुष्कळदा याहून कमी असते. म्हणून क्षितिजसमांतर स्थितीसाठी केलेल्या खुणांवर विसंबून न राहता, निर्मात्याने सांगितलेले तेल मोजून भरावे आणि बोट पाण्यात असताना दांडीवर नवी खूण करून घ्यावी. तेल कमी असेल तर स्थिर पाण्यात दाब योग्य राहूनही लाटांवर बोट डोलताना शोषनळीचे तोंड उघडे पडते व भोंगा मधूनमधून वाजतो.

यानंतर दाब स्वतंत्रपणे मोजावा. दाबाचा स्विच काढून त्या छिद्रात साधा यांत्रिक दाबमापक बसविला म्हणजे विद्युत् मंडलाचा काहीही संबंध न येता खरा दाब कळतो. असा दाबमापक बसवून इंजिन थोडा वेळ सुरू करावे. काटा लगेच वर गेला नाही तर तत्क्षणी बंद करावे. दाब पुरेसा असेल तर तेलाविषयीचा इशारा खोटा ठरतो. नसेल तर विद्युत् तपासणी करण्याचे कारणच उरत नाही. दाब गरम इंजिनात व मंद गतीतही पाहिला पाहिजे, कारण तापलेले तेल पातळ होते आणि पंपाची गती कमी असते. केवळ अशाच स्थितीत वाजणारा भोंगा स्विचच्या मर्यादेजवळील दाबाचे लक्षण असू शकतो.

तापमानाच्या बाबतीतही स्वतंत्र मापन आवश्यक आहे. अवरक्त तापमापकाने थर्मोस्टॅटच्या घरट्याचे तापमान घेणे सोयीचे असते. मात्र तो पृष्ठभागाच्या उत्सर्जनक्षमतेवर अवलंबून असतो. रंगविलेल्या धातूवर त्याचे मापन बऱ्यापैकी विश्वसनीय असते, तर चकचकीत धातूवर तो खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी तापमान दाखवितो. अशा ठिकाणी काळा रंग किंवा कागदी चिकटपट्टी लावून मापन घ्यावे.

इंजिन खरोखर तापत असेल तर बसविण्याच्या कामाशी निगडित कारणे आधी पाहावीत. समुद्राचे पाणी आत घेणारी झडप बंद राहिली आहे काय. पंपातील इंपेलर नावाचा रबरी पंखा कोरडा चालून झिजला आहे काय. निष्कासनळीतून वायूबरोबर पुरेसे पाणी बाहेर पडते काय. बंदिस्त शीतकात हवा अडकली आहे काय. या शेवटच्या दोषाचा परिणाम दुहेरी असतो. हवेच्या पोकळीमुळे शीतकाचे अभिसरण अडते, आणि तापमानाचा स्विच त्या पोकळीत आला तर द्रवाशी संपर्क नसल्यामुळे त्याला उष्णता पुरेशी पोहोचत नाही. इंजिन तापते आणि स्विच मात्र ते ओळखत नाही. याच कारणामुळे निष्कासनळीवर वेगळा तापमान-स्विच बसविण्याची पद्धत हितावह आहे. समुद्राचे पाणी थांबल्याचे त्याला लवकर कळते.

आणखी एक कारण इंजिनाच्या बाहेरचे आहे. जुना पंखा नव्या इंजिनाला जड पडत असेल तर इंजिन पूर्ण इंधनावरही आपली निर्धारित गती गाठू शकत नाही, सतत अतिभारित राहते आणि तापते. भरल्या बोटीने मोकळ्या पाण्यात घेतलेली पूर्ण गतीची चाचणी हा त्याचा निर्णायक पुरावा होय.

दुसरी पायरी : मंडलाची तपासणी

दाब व तापमान दोन्ही स्वतंत्रपणे योग्य आढळली, तरच मंडलाकडे वळावे. इंजिन चालू व भोंगा वाजत असताना तापमानाच्या स्विचवरील तार काढावी. भोंगा थांबला तर दोष त्या स्विचमध्ये आहे. न थांबल्यास ती तार अलग ठेवून तेलाच्या स्विचवरील तार काढावी. दोन्ही तारा मोकळ्या असूनही भोंगा वाजत असेल तर तार वाटेत कोठे तरी धडाला टेकलेली आहे, किंवा त्याच भोंग्याला जोडलेली तिसरी शाखा अस्तित्वात आहे. काही पटलांवर गिअरपेटीच्या तेलाचा, निष्कासनळीचा किंवा बॅटरी भारित होत नसल्याचा इशारा याच भोंग्याकडे नेलेला असतो. नव्या इंजिनाच्या जनित्राला पूर्वीसारखे सूचक अग्र नसेल, किंवा तेथील तार चुकीच्या ठिकाणी जोडली गेली असेल, तर तेल व तापमान यांचा काहीही दोष नसताना भोंगा चालू राहतो.

ज्या पटलावर प्रत्येक शाखेला स्वतंत्र दिवा आणि सर्वांना मिळून एकच भोंगा असतो, तेथे शाखा परस्परांपासून अलग ठेवण्यासाठी डायोड बसविलेले असतात. जोडणी बदलताना डायोड गाळला गेला तर एक स्विच जुळताच सर्व दिवे लागतात. तो उलट बसविला गेला तर दिवा लागतो पण भोंगा वाजत नाही. दिव्यांच्या या वर्तनावरून दोषाची जागा पुष्कळशी कळून येते.

परतीच्या मार्गाकडेही दुर्लक्ष होऊ नये. नव्याने रंगविलेल्या धडावर ऋण तारेचा बोल्ट बसविला असेल तर रंगाचा थर मध्ये राहून जोड कच्चा होतो. पटलावरील एखादा मोठा भार चालू करताच सर्व दर्शकांचे काटे एकदम हलले, तर हा दोष संभवतो. अशा वेळी इंजिनाचे धड व बॅटरीचे ऋण अग्र यांमधील व्होल्टता भार चालू असताना मोजावी. ती व्होल्टच्या अल्पशा अंशाहून अधिक असता कामा नये.

स्विच आणि संवेदक यांतील गोंधळ

इंजिन बदलल्यानंतर होणारी आणि बाहेरून पाहता सहज न उमगणारी चूक म्हणजे भोंग्याची तार स्विचऐवजी दर्शकाच्या संवेदकाला जोडणे. दोन्ही भाग धडात आटे देऊन बसविलेले, दिसावयास सारखे आणि पुष्कळदा शेजारीशेजारी असतात. स्विचला फक्त दोन स्थिती असतात. संवेदकाचा रोध मात्र दाबाबरोबर सलग बदलतो. युरोपात रूढ असलेल्या दाब-संवेदकाचा रोध शून्य दाबाला सुमारे १० ओहम व पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम असतो.

आता भोंगा सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेणारा आहे असे धरू. शून्य दाबाला संवेदकावर केवळ ०.२ व्होल्ट खर्ची पडतात व भोंगा जोराने वाजतो. पूर्ण दाबाला संवेदकावर अधिकात अधिक ३.६ व्होल्ट पडतात आणि भोंग्याला ८.४ व्होल्ट उरतात. पुष्कळशा इलेक्ट्रॉनिक भोंग्यांना तेवढे पुरेसे असतात. म्हणून दाब उत्तम असूनही भोंगा वाजतच राहतो. फार तर किंचित मंद होतो. इंजिन सुरू झाल्यावर भोंग्याचा स्वर थांबण्याऐवजी नुसता उतरला, तर या चुकीचा संशय प्रथम घ्यावा.

भोंग्याच्या जागी २ वॅटचा दिवा असेल तर चित्र निराळे दिसते. तापलेल्या तंतूचा रोध ७२ ओहम आणि पूर्ण प्रवाह सुमारे १६७ मिलिअँपिअर. शून्य दाबाला दिव्याला साडेदहा व्होल्ट मिळून तो चांगला लागतो. पूर्ण दाबाला प्रवाह ६७ मिलिअँपिअरपेक्षा अधिक होऊच शकत नाही व दिवा जवळजवळ विझतो. दिवा व भोंगा समांतर असतील तर थंड तंतूच्या अल्प रोधामुळे भोंग्यालाही फारशी व्होल्टता उरत नाही आणि तोही गप्प होतो. म्हणजे चूक तीच असून सर्व वर्तन निर्दोष भासते. परंतु दिवा लागण्याची सीमा आता निश्चित राहिलेली नाही. दाब हळूहळू उतरत गेला तर दिवा हळूहळू उजळेल आणि भर उन्हात तो केव्हा लागला हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. येथे भोंग्याच्या मौनाचे कारण जोडणीतील योगायोग आहे. तेलाच्या दाबाविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ही शंका फेडण्याचा मार्ग सोपा आहे. इंजिन बंद असताना व तार काढून त्या भागाचा धडापर्यंतचा रोध मल्टिमीटरने मोजावा. तेलाचा स्विच जवळजवळ शून्य ओहम दाखवील, तर संवेदक काही निश्चित रोध दाखवील. इंजिन सुरू केल्यावर स्विचचा रोध अनंत होईल. संवेदकाचा केवळ बदलेल.

जुनी बोट आणि नवे इंजिन

इंजिन नवे आले तरी पटल, तारांची जुडी आणि दर्शक बहुधा जुनेच ठेवतात, आणि या सांध्यावर विसंगती उत्पन्न होतात. अमेरिकन पद्धतीच्या संवेदकाचा रोध शून्यावर सुमारे २४० व पूर्ण मापनाला सुमारे ३३ ओहम असतो; म्हणजे तो युरोपीय संवेदकाच्या उलट दिशेने बदलतो. अमेरिकन दर्शकाला युरोपीय दाब-संवेदक जोडला तर बंद इंजिनात काटा टोकाला जातो आणि दाब वाढू लागला की खाली येतो. हे पाहून नवे इंजिन दाब गमावीत आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चूक आहे.

शीतकरणाची पद्धत बदलल्यानेही असेच घडते. ज्या इंजिनात समुद्राचेच पाणी फिरते, त्याचा थर्मोस्टॅट सुमारे ६० °से.च्या आसपास उघडणारा असतो. कारण त्याहून अधिक तापमानाला खाऱ्या पाण्यातील क्षारांचे थर जलमार्गात वेगाने साचतात. बंदिस्त शीतकाचे इंजिन साधारणतः ७० ते ८५ °से.ला चालते. जुन्या इंजिनावरील तापमान-स्विच खालच्या मर्यादेचा असून तोच काढून नव्यावर बसविला, तर इंजिन नेहमीच्या तापमानाला पोहोचताच भोंगा वाजेल. याउलट वरच्या मर्यादेचा स्विच समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनावर बसविला, तर इशारा फार उशिरा मिळेल.

धातूच्या बोटीत भरकट्या प्रवाहांमुळे होणारे क्षरण टाळण्यासाठी काही इंजिनांचे धड विद्युत् परतीसाठी वापरीत नाहीत. त्यांच्या स्विचांना दोन अग्रे असतात व परतीची तार निराळी असते. अशा स्विचला जुनी एकच तार जोडली तर मंडल कधीही पूर्ण होत नाही आणि भोंगा कायमचा मुका राहतो.

तारांच्या रंगांवर विसंबणेही धोक्याचे आहे. अमेरिकन बोटींत जांभळी तार किल्लीनंतरच्या पुरवठ्याची, फिकट निळी तेलाच्या दाबाची आणि फिकट तपकिरी तापमानाची असते. इतर देशांच्या इंजिनांवर हेच रंग निराळ्या कामांसाठी येतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या आकृत्या समोर ठेवून प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासल्याखेरीज जोडू नये.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांत स्विचांची जागा नियंत्रक-संगणकाने घेतली आहे. तो संवेदकांच्या मूल्यांची मर्यादांशी तुलना करतो, आणि मूल्य अशक्य कोटीतील आले, म्हणजे तार तुटली किंवा टेकली, तर त्याचाही वेगळा इशारा देतो. तापमान-शाखेची वर सांगितलेली उणीव यामुळे पुष्कळ अंशी दूर होते. मात्र अशा इंजिनाच्या इशाऱ्याचा अर्थ त्याच्या सांकेतिक क्रमांकावरूनच लावावा लागतो. जुन्या पटलावर फक्त भोंग्याची तार आणली तर तो क्रमांक चालकापर्यंत पोहोचतच नाही.

मौनाची परीक्षा

दोष सापडून भोंगा थांबला म्हणजे काम संपले, अशी समजूत सर्वत्र दिसते. वरील विवेचन मान्य केले तर ती स्वीकारता येत नाही. भोंगा थांबला याचे कारण दोष दुरुस्त झाला हे असू शकते, तसेच दुरुस्ती करताना एखादी तार सुटली हेही असू शकते. कानाला दोन्ही सारखीच. म्हणून पुढील चाचण्या झाल्याशिवाय बोट पाण्यात दूर नेऊ नये.

इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी. भोंगा वाजला पाहिजे. इंजिन सुरू करावे. तो काही सेकंदांत थांबला पाहिजे. नंतर इंजिन चालू असतानाच तापमानाच्या स्विचवरील तार काढून तिचे टोक क्षणभर धडाला टेकवावे. भोंगा वाजला पाहिजे. या तिसऱ्या चाचणीने तापमान-शाखेची तार व भोंगा यांची परीक्षा होते, पण स्विचची होत नाही. त्यासाठी स्विच काढून त्याचा संवेदनशील भाग तापमापकासह पाण्यात धरावा, पाणी हळूहळू तापवावे, आणि रोध कोणत्या तापमानाला शून्य होतो ते पाहावे. समुद्रसपाटीला पाणी १०० °से.ला उकळत असल्यामुळे ९५ किंवा ९८ °से.चा स्विच या रीतीने तपासता येतो. त्याहून वरच्या मर्यादेच्या स्विचसाठी एथिलिन ग्लायकॉल व पाणी यांचे समभाग मिश्रण घ्यावे. ते सुमारे १०७ °से.पर्यंत उकळत नाही. त्याची वाफ विषारी असल्याने हे काम मोकळ्या हवेत करावे.

स्विच जुळण्याचे तापमान, यांत्रिक दाबमापकावरील थंड व गरम स्थितीतील दाब, दांडीवरची नवी खूण आणि पूर्ण गतीला गाठलेले फेरे यांची नोंद बोटीच्या वहीत करून ठेवावी. पुढे केव्हा भोंगा वाजला तर ‘पूर्वी काय होते’ या प्रश्नाला स्मरणावर अवलंबून उत्तर द्यावे लागणार नाही.

उपसंहार

बोटीवरील भोंगा इंजिनाची स्थिती थेट सांगत नाही. एका तारेची धडाशी जोडणी झाली आहे किंवा नाही, एवढेच तो सांगतो. त्या जोडणीपासून इंजिनाच्या स्थितीपर्यंत जाण्यासाठी स्विच योग्य आहे, तो योग्य जागी आहे, तार अखंड आहे आणि परतीचा मार्ग शाबूत आहे, ही चार गृहीतके धरावी लागतात. जुन्या इंजिनावर ती वर्षानुवर्षांच्या अनुभवाने पडताळलेली होती. इंजिन बदलताच चारही पुन्हा अनिश्चित होतात. म्हणून वाजणारा भोंगा स्वतंत्र मापनाने खोटा ठरेपर्यंत खरा मानावा, आणि न वाजणारा भोंगा चाचणीने वाजवून दाखविल्याखेरीज चालू आहे असे मानू नये. या परीक्षेला एक मल्टिमीटर, एक दाबमापक, एक तापमापक आणि अर्धा दिवस इतकेच साहित्य लागते. इंजिन बसविण्याच्या खर्चाच्या व श्रमाच्या मानाने ते अल्प आहे. इंजिन बसविण्याच्या कामाचाच तो शेवटचा भाग समजून केला जावा.